पहिली ऑलिंपिक ट्रायथलॉन: पाण्यात उतरण्यापासून शेवटच्या पाच किलोमीटरपर्यंत

दीड किलोमीटर पोहायचं, ४० किलोमीटर सायकल चालवायची आणि १० किलोमीटर धावायचं. घड्याळ मध्ये कुठेही थांबत नाही; कपडे-बूट बदलण्याचा वेळही त्यातच धरतात. नियमांच्या भाषेत याला स्टँडर्ड डिस्टन्स म्हणतात, पण २००० साली सिडनीत हेच अंतर ऑलिंपिकमध्ये आलं आणि बोलण्यात ‘ऑलिंपिक’ हेच नाव राहिलं. टीव्हीवर दिसणारी शर्यत आणि हौशी स्पर्धकांची शर्यत यांत मात्र एक मोठा फरक आहे. टीव्हीवरच्या शर्यतीत सायकलस्वार एकमेकांच्या मागे घोळक्याने जातात. हौशी स्पर्धांमध्ये बहुतेक ठिकाणी तसं केलं की दंड होतो.

आधी वेळेचा हिशेब मांडू. पोहण्याचा वेग १०० मीटरला अडीच मिनिटं, सायकलचा ताशी २६ किलोमीटर, धावण्याचा किलोमीटरला साडेसहा मिनिटं असेल, तर साडेसदतीस, ब्याण्णव आणि पासष्ट मिनिटं होतात. दोन बदलांची मिळून सहा-सात मिनिटं धरली की साधारण ३ तास २० मिनिटांत काम होतं. आता समजा, धावण्याच्या शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये साडेसहाचा वेग आठवर घसरला. साडेसात मिनिटं गेली. तेवढीच मिनिटं पोहण्यात वाचवायची तर १०० मीटरमागे ३० सेकंदांनी वेग वाढवावा लागेल, आणि त्याला दोन-दोन वर्षं लागू शकतात. म्हणून पहिल्या शर्यतीची सगळी आखणी त्या शेवटच्या पाच किलोमीटरवर नजर ठेवून करायची. सायकलवर दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पाय शिल्लक राहिले पाहिजेत.

किती आठवडे लागतील

टँकमध्ये न थांबता ४०० मीटर पोहता येतं, २५ किलोमीटर सायकल होते आणि ५ किलोमीटर पळता येतं, अशा माणसाला १४ आठवडे पुरतात. पोहणं शून्यापासून असेल तर आधी सहा महिने फक्त पाण्याला द्या आणि मगच स्पर्धेची फी भरा.

आठवड्याला सात ते नऊ तास हवेत: तीनदा पोहणं, दोनदा सायकल, तीनदा धावणं. त्यातलं एक धावणं सायकलवरून उतरल्या उतरल्या करायचं. या जोडसरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. सुरुवातीला २० किलोमीटर सायकल आणि २ किलोमीटर धाव पुरे. शर्यतीआधी तीन आठवड्यांवर ३५ किलोमीटर सायकल आणि ६ किलोमीटर धाव असं एक मोठं ब्रिक करा, तेही शर्यतीचेच कपडे, तेच बूट, तेच खाणं ठेवून. शेवटचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणायचं, वेग मात्र अधूनमधून जागा ठेवायचा. घाबरून शेवटच्या आठवड्यात लांबचं अंतर मारणारे दरवर्षी दिसतात. त्याने फक्त पाय जड होतात.

ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात आणि त्यांत हृदयाची कारणं मोठ्या प्रमाणात असतात. चाळिशी ओलांडलेली असेल, घरात हृदयविकार असेल किंवा चढ चढताना छातीत कधी दडपण आलं असेल, तर डॉक्टरांना दाखवून गरजेप्रमाणे ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करून घ्या. दमखम चांगला आहे म्हणून हे टाळू नका.

पोहणं

आपल्याकडे बरेच जण विहिरीत शिकलेले. पाण्याची भीती नसते, ही जमेची बाजू. पण डोकं वर ठेवून पोहण्याची सवय असते, आणि डोकं वर गेलं की कंबर-पाय खाली बुडतात. मग पुढे सरकायची ताकद पाय वर ठेवण्यातच खर्च होते. उपाय कंटाळवाणा आहे: नजर तळाकडे, कपाळ पाण्यात, श्वास घेताना मान उचलायची नाही तर अंगासकट कुशीवर वळवायची. एक गॉगलकाच पाण्यातच राहिली पाहिजे.

दम लागण्याचं खरं कारण बहुतेकदा श्वास घेणं नसून श्वास सोडणं असतं. तोंड पाण्यात असताना हवा कोंडून ठेवली की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू ‘हवा हवी’ म्हणून ओरडायला लागतो. नाकातोंडातून सतत बुडबुडे सोडत राहा, म्हणजे तोंड बाहेर येताच फक्त आत घ्यायचं उरतं.

सरावात सलग दीड किलोमीटरच्या मागे लागू नका. १०० मीटर गुणिले १५, मध्ये १५-२० सेकंद विश्रांती, आणि शेवटचे १०० पहिल्या १०० इतक्याच वेळात. हे जमलं की २०० चे सात-आठ, मग ५०० चे तीन. २५ मीटरच्या टँकमध्ये दीड किलोमीटर म्हणजे ६० लांब्या होतात. टँकमध्ये दर २५ मीटरला भिंत पायाने ढकलून फुकट विश्रांती मिळते; तलावात ती मिळत नाही. म्हणून शेवटच्या महिन्यात भिंतीला न टेकता ‘टी’ रेषेवरूनच, म्हणजे तळाची काळी रेघ भिंतीआधी जिथे आडवी होते तिथूनच, वळायचा सराव करा.

मोकळ्या पाण्यात किमान चार वेळा तरी उतरायला हवं. एकट्याने कधीही नाही. परवानगी आणि जीवरक्षक असलेल्या जागीच, आणि कमरेला रंगीत टो-फ्लोट (मागे तरंगत येणारी हवेची पिशवी) बांधूनच. धरणाच्या मागचं पाणी शांत दिसतं म्हणून फसू नका. गाळ, पाणवनस्पती आणि अचानक खोल होणारा तळ वरून दिसत नाही.

मोकळ्या पाण्यातलं वेगळं कौशल्य म्हणजे दिशा बघणं. तळाला काळी रेघ नसते. डोळे मिटून पोहल्यासारखे आपण आपल्या जोरकस हाताच्या उलट बाजूला वाकडे जात राहतो. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्याच्या वर काढायचे, बघायचं, आणि त्याच लयीत बाजूला वळून श्वास घ्यायचा. समोर बघताना श्वास घ्यायला गेलात तर डोकं जास्त वर येतं, पाय बुडतात. बोया (मार्ग दाखवणारा तरंगता गोळा) लाटेमागे दडतो, त्यामुळे काठावरूनच त्याच्या मागची उंच खूण ठरवून ठेवा: पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, एखादं एकटं झाड. सकाळी सूर्य समोर येत असेल तर काळ्या किंवा आरशाच्या काचेचा गॉगल लागतो. ढगाळ पहाटे तोच गॉगल आंधळा करतो. दोन्ही बरोबर असू द्या.

काचेवर धुकं धरू नये म्हणून आदल्या रात्री आतून बेबी शॅम्पूचा एक थेंब लावून हलकं विसळा. बोटाने घासू नका, आतला लेप जातो. गॉगलचा पट्टा टोपीखाली घ्यावा. कोणाचा हात लागून गॉगल निसटला तरी हरवत नाही.

सुरुवातीला घोळक्यात मध्यभागी उभं राहण्याचा मोह टाळा. कडेला, मागच्या रांगेत थांबा आणि भोंगा वाजल्यावर दहा सेकंद मोजून निघा. पहिले २०० मीटर मुद्दाम संथ. तरीही धाप लागली, छाती आवळल्यासारखी वाटली, तर पाठीवर वळा, आकाशाकडे बघत दहा लांब उच्छ्वास सोडा, मग ब्रेस्टस्ट्रोकने वीस हात, मग पुन्हा फ्रीस्टाइल. कोणत्याही पद्धतीने पोहायला मुभा असते. कयाकला (मदतीसाठी ठेवलेल्या छोट्या होडीला) धरून थांबलात तरी चालतं. फक्त तिने तुम्हाला पुढे न्यायला नको. मदत हवी असेल तर हात उंच करून हलवा.

वेटसूटवर (थंड पाण्यासाठीच्या अंगाला चिकटणाऱ्या रबरी पोशाखावर) पैसे घालू नका. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत वयोगटातल्या स्पर्धकांना दीड किलोमीटरसाठी २२ अंशांच्या वर वेटसूट चालत नाही, आणि आपल्याकडचं पाणी बहुतेक वेळा त्याहून गरमच असतं. युरोपात शर्यत करणार असाल तर गोष्ट वेगळी.

समुद्रात, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणी, खारं पाणी अंगाला वर उचलतं, त्यामुळे तरंगणं सोपं. पण मानेला आणि काखेत पोहून पोहून कातडं सोलतं. तिथे व्हॅसलीनचा जाड थर द्या. व्हॅसलीनचा हात गॉगलला लावू नका, दिसायचं बंद होतं. जेलीफिश लागलीच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने जळजळ वाढू शकते.

पहिला बदल

शेवटच्या शंभर मीटरमध्ये पायांची हालचाल वाढवा, रक्त पायांकडे येतं. तळाला हाताची बोटं दोनदा लागेपर्यंत पोहत राहा. गुडघाभर पाण्यात चालण्याने जास्त दमायला होतं. आडव्याचे एकदम उभे झालात की क्षणभर गरगरतं, ते अपेक्षितच आहे.

तुमची सायकल शेकडो सायकलींमध्ये शोधायची असते. सकाळीच पाण्याच्या बाहेर पडण्याच्या कमानीपासून चालत जा आणि रांगा मोजून लक्षात ठेवा: डावीकडून चौथी रांग, विजेच्या खांबाशेजारी. खूण म्हणून भडक टॉवेल चालतो, फुगे वगैरे बांधू देत नाहीत.

टॉवेलवर सामान वापराच्या क्रमाने लावा. सायकलच्या हँडलवर हेल्मेट उलटं, पट्टे बाहेर सोडलेले, त्यात चष्मा. खाली सायकलचे बूट, आत थोडी टाल्कम पावडर. शेजारी पाय धुवायला पाण्याची छोटी बाटली. मागे धावण्याचे बूट, रबरी लेस घातलेले, त्यावर कॅप आणि नंबराचा पट्टा. मोजे घालायचेच असतील तर बोटांपर्यंत गुंडाळून ठेवा. ओल्या पायात सरळ मोजा चढवणं हे शर्यतीतलं सगळ्यात चिडचिड करणारं काम आहे.

क्रम असा: टोपी-गॉगल काढा, हेल्मेट घाला, बक्कल लावा, चष्मा, बूट, आणि मगच सायकलला हात. बक्कल न लावता सायकल उचलली की दंड. सायकल हाताने धरून ‘माउंट’ रेषेपलीकडे न्यायची आणि मगच बसायचं. आदल्या दिवशीच पुढची लहान चकती आणि मागची मधली चकती असा हलका गिअर लावून ठेवा. जड गिअरमध्ये ठेवलेली सायकल घेऊन रेषेवर डगमगणारे आणि मागच्याला अडवणारे प्रत्येक स्पर्धेत असतात.

सायकल

रोडबाइक असलीच पाहिजे असं नाही. हायब्रिडवरही पूर्ण होते. ब्रेक, चेन आणि टायर यांत कसूर नको. टायरमध्ये हवा शर्यतीच्या पहाटे भरा. आदल्या दुपारी ठासून भरलेली ट्यूब उन्हात उभ्या सायकलवर फुटू शकते. ७० किलोच्या माणसाला २५ मिलिमीटर रुंद टायरमध्ये ८०-८५ पीएसआय इतका हवेचा दाब पुरेसा आहे, २८ च्या टायरमध्ये ७० च्या आसपास. खडबडीत रस्त्यावर १०० वर नेलं तर सायकल उड्या मारते, वेग वाढत नाही.

खोगिराखालच्या पिशवीत दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि मिनीपंप. काही जण हवा भरायला १६ ग्रॅमची सीओटू (कार्बन डायऑक्साइडची) कुपी ठेवतात. ती झटपट आहे, पण चुकली तर दुसरी संधी नाही, म्हणून पंप हवाच. मागचं चाक पंक्चर झालं तर आधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा, मग चाक काढा. टायरची एकच बाजू रिममधून सोडवा, ट्यूब बाहेर काढा. आता इथेच लोक चुकतात: घाईने नवी ट्यूब घालतात आणि पन्नास मीटरवर तीही बसते. टायरच्या आतून बोट हळूच गोल फिरवा. बाभळीचा काटा किंवा ट्रकच्या फाटक्या टायरमधली बारीक तार तिथेच अडकलेली असते. बाहेरून दिसत नाही. ती काढा. नव्या ट्यूबला तोंडाने फुंकून जरासा आकार द्या, म्हणजे ती टायर आणि रिमच्या मध्ये चिमटत नाही. टायर अंगठ्यांनी बसवा, शेवटचा भाग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला नव्हे तर व्हॉल्व्हपाशी येऊ द्या, मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा आणि हवा भरा. घरी हे दहा मिनिटांत जमेपर्यंत चार-पाच वेळा करून बघा.

चेन उतरली तर लगेच खाली उतरू नका. हलकं पॅडल मारत पुढचा गिअर मोठ्या चकतीकडे टाका, बहुतेकदा ती आपोआप चढते.

रस्त्यावर डावीकडून चालवायचं, उजवीकडून पुढे जायचं. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १० मीटर अंतर हवं. त्या पट्ट्यात शिरलात की २० सेकंदांत पुढे जायलाच हवं. आणि कोणी तुम्हाला ओलांडलं तर मागे सरकणं तुमचं काम. इअरफोन लावायचे नाहीत, जेलचं (साखरेच्या घट्ट पाकासारख्या खाण्याचं) पाकीट ठरलेल्या जागेबाहेर टाकायचं नाही. आणि आपल्याकडची एक खास अडचण: मित्र किंवा घरचे स्कूटरवरून सोबत येऊन पाणी देतात. प्रेमाने करतात, पण बाहेरची मदत म्हणून बाद व्हायची वेळ स्पर्धकावर येते. त्यांना आधीच सांगून ठेवा.

गतिरोधकावर दोन्ही पॅडल समान पातळीवर आणा, बूड जरासं उचला, कोपर ढिले सोडा. बाटल्या इथेच उडतात. बाटलीचा पिंजरा आधी घट्ट वाकवून घ्या.

जोर किती लावायचा? पहिले पाच किलोमीटर पोहण्याचा दम खाली येऊ द्या. त्यानंतर तीन-चार शब्द सलग बोलता येतील इतपतच. पायांच्या फेऱ्या मिनिटाला ८० ते ९५. चढावर कोणी पुढे गेला की त्याच्यामागे उठून पॅडल मारणं, हा तो क्षण, ज्याची किंमत तासाभराने धावताना द्यावी लागते. चढ बसून, हलक्या गिअरमध्ये. उतारावर वेग घ्या. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये आणखी एक गिअर हलका करा.

खाणं आणि पाणी

शर्यतीच्या तीन तास आधी उठून खाणं जिवावर येतं, पण हवं. कमी तेलातले बटाटे-पोहे शेंगदाण्यांशिवाय, किंवा ब्रेड-जॅम आणि केळं, किंवा साधा उपमा. साबुदाण्याची खिचडी तूप-शेंगदाण्यांमुळे पोटात बसून राहते. मिसळ शर्यत संपल्यावर खा.

सायकलवर तासाला ४०-४५ ग्रॅम कर्बोदकं सहज पेलतात. घरगुती प्रमाण: ७५० मिली पाण्यात सपाट तीन मोठे चमचे साखर, पाव लहान चमचा मीठ, अर्धं लिंबू. यात साधारण ४० ग्रॅम साखर येते. दुसरी बाटली साध्या पाण्याची. पन्नासाव्या मिनिटाच्या सुमारास एक जेल किंवा बिया काढलेले चार-पाच साधे खजूर, त्यावर साधं पाणी. साखरेच्या पाण्याबरोबर जेल घेतलं की पोटात गोळा बसतो आणि मळमळ सुरू होते.

ओआरएसबद्दल गैरसमज फार. त्याच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम असतं. मीठ भरून निघतं, ताकद मिळत नाही. पाकीट अर्ध्या लिटरमध्ये घट्ट कालवू नका. ते एक लिटरसाठीच असतं.

तुम्हाला किती पाणी लागतं हे वजनकाट्यावर कळतं. सायकलच्या तासाभर सरावाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. त्यात मध्ये प्यालेलं पाणी मिळवा. शर्यतीत सगळंच भरून काढायचा हट्ट नको; नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा घातक.

दुसरा बदल आणि धाव

‘डिसमाउंट’ रेषेच्या आधी उतरायचं. सायकल स्टँडवर लागल्यावरच बक्कल सोडायचं, आधी नाही. बूट, कॅप, नंबराचा पट्टा पुढच्या बाजूला, निघा. इथे बसून विचार करायला काहीच नसतं, दोन मिनिटांत व्हायला हवं.

पहिला दीड किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. मांड्या लाकडासारख्या, आणि गंमत अशी की सायकलच्या वेगाची सवय झालेल्या नजरेला आपण हळू चाललोय असं वाटतं. घड्याळ बघावं तर ठरवल्यापेक्षा अर्धा मिनिट वेगात. पावलं छोटी आणि भरभर टाका, आणि पहिले दोन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १५-२० सेकंदांनी संथ जा. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत ठरलेला वेग, नंतर उरेल ते.

सातला सुरू झालेल्या शर्यतीत हौशी स्पर्धक धावायला लागतो तेव्हा सव्वानऊ झालेले असतात. डिसेंबर-जानेवारीतही डांबरावर ऊन चांगलंच लागतं. प्रत्येक पाणपोईवर दोन घोट प्या, उरलेलं डोक्यावर आणि मानेवर ओता, बर्फ मिळाला तर कॅपखाली ठेवा. पेला वरच्या कडेला चिमटून अर्धवट बंद केला की धावताना नाकात जात नाही. चालायचं असेल तर पाणपोईपुरतंच चाला.

पोटरीत गोळा आला तर थांबा, टाच जमिनीला टेकवून पंजा वर ओढा, अर्धा मिनिट धरा. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करून ओठ आवळून लांब श्वास सोडा.

अंगावर काटा, थंडी वाजणं, पाय वेडेवाकडे पडणं, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देणं, यांतलं काहीही दिसलं तर शर्यत तिथेच संपली. उष्माघातात घाम येत असूनही माणूस कोसळतो, त्यामुळे ‘घाम येतोय म्हणजे ठीक आहे’ असं समजू नका. सावलीत आडवं करून लगेच थंड पाणी आणि बर्फाने अंग गार करायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. घोट्यावरची वेळ मोजणारी चिप परत द्या, नाहीतर तिचे पैसे कापले जातात. सायकल घेताना तिचा आणि हातावरचा नंबर जुळवून देतात, तेव्हा मनगटपट्टी तोपर्यंत तोडू नका. साखरेच्या बाटल्या त्याच संध्याकाळी धुवा. शर्यत समुद्रावर झाली असेल तर सायकल, विशेषतः चेन आणि गिअरच्या तारांची टोकं, गोड्या पाण्याने धुऊन पुसून तेल द्या. दोन दिवस राहिलं तर बोल्टवर गंज धरलेला दिसेल.